मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेच्या संग्रहाचा विमा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एचओ स्केलच्या (१:८७, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या) आगगाड्यांचा बऱ्यापैकी संग्रह आहे. बहुतेक इंजिनं मर्क्लिन कंपनीची, काही रोको कंपनीची. त्यातली कित्येक मॉडेलं आता निघतच नाहीत.

भारत गृह रक्षा ही घराच्या विम्याची पॉलिसी वाचून काढली. आग, पूर, भूकंप सगळं आहे, पण चोरी कधी धरतात? तर अशा एखाद्या घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झाली तरच! म्हणजे साध्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर आलंच. तिथेही कुलूप-कडी तोडल्याची खूण मागतात म्हणे. कपाटातून एखादं इंजिन गुपचूप गेलं, तर पुरावा काय दाखवायचा?

खरी अडचण किमतीची आहे. एजंट म्हणाला, 'खेळणी म्हणून घरसामानात धरू.' खेळणी! दागिन्यांना सराफ दाखला देतो, इंजिनाला कोण देणार? पुरातन आणि दुर्मीळ वस्तूंसाठी आधी ठरवलेल्या किमतीचं कव्हर मिळतं, त्यात हा संग्रह बसवता येतो का?

यादी करायला घेतली आहे. प्रत्येक इंजिनाचा वरून आणि पालथं करून असे फोटो, आर्टिकल नंबर (कंपनीने त्या मॉडेलला दिलेला क्रमांक), मूळ खोका आहे की नाही (खोक्यावर भाव बराच ठरतो), असतील त्या पावत्या. जुन्यांच्या पावत्या अर्थातच नाहीत. परदेशी लिलावांतल्या विक्रीच्या किमती पुरावा म्हणून चालतात का?

प्रदर्शनाला नेताना गाडीत काही फुटलं-हरवलं, तर त्यासाठी कुणी ऑल रिस्क कव्हर (घराबाहेरही, अपघाती नुकसानासकट लागू होणारं) घेतलंय का? नाणी, कॅमेरे, घड्याळं जमवणाऱ्यांचा अनुभवही चालेल.