दिवाळखोरीचा अनुभवी वकील कसा ओळखायचा? (रत्नागिरी जिल्हा)

हर्णैचा_पोरगा
नमस्कार मंडळी. घरचीच गोष्ट आहे म्हणून नाव देत नाही. बाबांची बोट आहे, तौक्तेनंतर जे बसलो ते उठलोच नाही, दोन सीझन डिझेलचेपण पैसे सुटले नाहीत, आता बोट झापं घालून शाकारून ठेवलीय. बँकेचं 18 लाख घर तारण ठेवून, पतसंस्थेचं 6, वर बर्फवाल्याची उधारी नि दलालाकडची उचल. बँकेची 60 दिवसांची नोटीस आलीय. बाबा म्हणतात दिवाळखोरी जाहीर करून मोकळे होऊ. एक वकील भेटले, कागद न बघताच म्हणाले करून देतो, 40 हजार आधी द्या आणि सुटलात तर रकमेच्या 5 टक्के. अनुभवी माणूस ओळखायचा कसा?

आमसूल
टक्का मागितला ना, तिथूनच उठायचं. निकालावर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात, जिल्हा निवड नि नाव टाक. मी भावासाठी बघितलं तेव्हा "वीस वर्षं हेच करतो" म्हणणाऱ्यांच्या नावावर सगळे वाटपाचे नि वहिवाटीचे दावे निघाले. माणूस चांगला असेल हो, पण हे काम वेगळं.

कोर्टाची_पायरी
मी वकिलांकडे कारकुनी केलीय म्हणून सांगतो. कोर्टात याला नादारी म्हणतात, आपल्याकडे अजून 1920 चाच कायदा चालतो, अर्ज जिल्हा कोर्टात. 2016 चा नवा कायदा आहे पण त्यातला साध्या माणसाचा भाग सुरूच झालेला नाही, फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना डिसेंबर 2019 पासून लागू आहे. म्हणजे तुमचं प्रकरण कुणी एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीचं न्यायाधिकरण) टाकतो म्हणाला तर चहा पिऊन परत या.

मुख्य म्हणजे नादारीने तारण सुटत नाही, घरावर बँकेचा हक्क राहतोच. तेव्हा नादारीवाला शोधण्याआधी वसुलीच्या केसेस लढलेला शोधा. नोटिशीला मुदतीत लेखी हरकत द्यायची, बँकेने 15 दिवसांत उत्तर द्यायला हवं, ताब्याची कारवाई झालीच तर 45 दिवसांत डीआरटी, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीचं न्यायाधिकरण. दिवाणी कोर्टात मनाई आणतो म्हणणाऱ्याला हा तारणवसुलीचा (सरफेसी) कायदाच माहीत नाही. पतसंस्थेचं गणित वेगळं, ती सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला काढते आणि त्यावर रिव्हिजनला (फेरतपासणीला) जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. हे वकिलाने आपणहून सांगितलं पाहिजे.

पहिल्या भेटीत तो काय विचारतो ते बघ. तारण काय, जामीनदार कोण, चेक कुणाकुणाला दिलेत. बर्फवाल्याला दिलेला चेक बाउन्स झाला तर 138 ची (चेक न वटल्याची फौजदारी) केस नादारीने थांबत नाही.

हर्णैचा_पोरगा
जामीनदार मामा आहेत. आणि बाबा कलमांची बाग आईच्या नावावर बक्षीसपत्र करणार होते या आठवड्यात 😟

कोर्टाची_पायरी
थांबव त्यांना!! नादारी झाली तर त्याआधीच्या दोन वर्षांतलं बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकतं, वर बाबांच्या हेतूवर शंका येते ती वेगळीच. आणि बाबा सुटले तरी मामा सुटत नाहीत, त्यांना आजच सांग.

मालवणी_मसालो
घाबरू नको रे, पण गप बसान ऱ्हव नको. फीची अडचण असली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, 15100 वर फोन लागता. आईचा नाव कर्जात असला तर बाईमाणसाक उत्पन्नाची अट नाय.

हर्णैचा_पोरगा
आई सहकर्जदार आहे. नोटिशीचा लिफाफा तिने लाइटबिलांच्या डब्यात ठेवलेला, आत्ता सापडला. 41 दिवस झालेत. उद्या पहिल्या एसटीने रत्नागिरी.