जावयाची बोट अन् ग्लेशियर बे: रोवणीच्या आधी जावं की मागून?

वैनगंगाकाठचा (पवनी तालुका)
रामराम मंडळी. जावई अलास्कात जुनोला नोकरीवर आहे. यंदा त्यानं एक जुनी 32 फुटी बोट घेतली अन् आम्हा दोघांना बोलावून राहिला. म्हणे, बाबा, ग्लेशियर बे (हिमनद्यांची खाडी) नॅशनल पार्कात आठ दिवस आपल्याच बोटीनं फिरू. गोसेखुर्द धरण व्हायच्या आधीपासून मी वैनगंगेत डोंगा वल्हवतो, पाण्याचं भेव नाही. बर्फ मात्र गोळेवाल्याच्या गाडीवरच पाहिला.

अडचण अशी की तो जुलैत या म्हणतो. जुलैत माझी पाच एकरांची धानाची रोवणी, अन् बाया मिळता मिळत नाहीत. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे. मग जावं कधी? दुसरं, बोट घरची असताना परवाना कायले पाहिजे? तिसरा प्रश्न सौ.चा आहे, तिथं खायचं काय?

उमरेडचा पोट्टा (सध्या सिएटल)
काका, मित्राच्या बोटीवर दोनदा जाऊन आलो, म्हणून लिहितो. पहिले तर आठ नाही, एका परवान्यावर सातच दिवस. 1 जून ते 31 ऑगस्ट परवाना लागतोच, अन् एका दिवशी आत फक्त 25 खासगी बोटी. अर्ज 60 दिवसांपेक्षा आधी घेत नाहीत, म्हणून जावयाला तारीख मोजून ठेवायला सांगा. आत शिरण्याआधी रेडिओवर ‘केडब्ल्यूएम-20’ला, म्हणजे पार्कच्या रेडिओ केंद्राला, हाक द्यायची. मग बार्टलेट कोव्हला, म्हणजे पार्कच्या ठाण्यावर, उतरून रेंजरची शिकवणी ऐकायची, ती कोणालाच चुकत नाही.

जून सोडाच. जॉन्स हॉपकिन्स नावाचा फाटा मे-जूनमध्ये बोटींना बंद असतो, कारण तिथं सीलच्या माद्या तरंगत्या बर्फावर पिल्लं देतात. रोवणी आटपा अन् ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. पाऊस भेटेल, पण धानवाल्याला पावसाचं काय!

तांदूळ-डाळ जुनोतच भरून घ्या, खाडीत आत दुकान नाही. बोटीवर शेगडी असतेच. किनाऱ्यावर उतरताना मात्र खाणं अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात न्यावं लागतं.

मोहर्लीचा जिप्सीवाला
म्हणजे आमच्या ताडोबाच्या गेटसारखंच की! गाडी स्वतःची असली तरी जंगल तुमचं नाही. वाघाच्या जागी तिथं काय?

उमरेडचा पोट्टा
हंपबॅक देवमासे. त्यांच्यापासून पाव सागरी मैल, म्हणजे साडेचारशे मीटरच्या वर लांब राहायचं. काही पट्ट्यांत वेगाला 13 नॉटची (ताशी 13 सागरी मैल) मर्यादाही लावतात.

हिमनदीपासूनही तेवढंच अंतर ठेवा. मार्जरी हिमनदीचं तोंड मैलभर रुंद अन् पाण्यावर अडीचशे फूट उंच. कडा तुटताना आधी दिसतो, आवाज मागून येतो, अन् लाट त्याच्याही मागून. आम्ही आवाज ऐकून टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात टेबलावरचा चहा लाटेनं मित्राच्या मांडीवर.

आणखी एक. 1794 मध्ये इंग्रज दर्यावर्दी व्हँकुव्हरची माणसं आली तेव्हा ही खाडीच नव्हती, बर्फाच्या भिंतीपुढं जेमतेम पाच मैलांचा खळगा होता. 1879 मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ चाळीसेक मैल मागं हटला होता. आता टोकाला जायला 65 मैल पाणी आहे. त्याच्याही आधी तिथं हूना त्लिंगिट या आदिवासी लोकांची वस्ती होती. हिमनदी पुढं सरकली तशी त्यांना गावं सोडावी लागली.

वैनगंगाकाठचा
हाव जी, म्हणजे तिथंही बुडीत क्षेत्र! आमच्या नात्यातली चार घरं गोसेखुर्दच्या पाण्यानं उठली. त्यांना बर्फानं उठवलं.

ऑगस्ट नक्की करतो. डोंगा खुंट्याला बांधला की मी बिनघोर झोपतो, तिथं रात्रीचं कसं?

उमरेडचा पोट्टा
काका, खरा धोका तोच. तिथं भरती-ओहोटीचा फरक 25 फुटांपर्यंत जातो. पहिल्या फेरीत ओहोटीला 30 फूट पाण्यात नांगर टाकला अन् दीडशे फूट दोर सोडला. खोलीच्या पाचपट, झालं म्हटलं. मध्यरात्री पाणी पन्नास फुटांवर गेलं, दोर तिप्पटच उरला, नांगर घसरायला लागला. जाग आली ती बर्फाचा ढेकूळ बोटीला घासला त्या आवाजानं. ढेकूळ पाण्यावर दिसतो टोपलीएवढा, खाली बैलगाडीएवढा. दोर भरतीचं पाणी धरून सोडा, अन् पाण्याचं वेळापत्रक जावयाच्या मोबाईलवर नको, कागदावर छापून घ्या.

वैनगंगाकाठचा
आत्ताच जावयाला फोन लावला. विचारलं, बोटीवर दोर किती आहे? म्हणे, भरपूर आहे बाबा. मोजला काय? तर म्हणे, नाही.

इथून फीत घेऊन जातो.