जुन्या गाडीला ८८ ऐवजी ८२ चा थर्मोस्टॅट: बसवावा की नाही?

कात्रजकर
मत मांडतोय, तुटून पडायला सगळे मोकळे आहेत. पुण्यात कार्ब्युरेटरची जुनी गाडी चालवणाऱ्याने ८८ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून ८२ चा बसवावा. माझी मारुती ८०० आहे, ७९६ सीसी. गावात तापमानाचा काटा मध्याच्या खालीच असतो. पण मे महिन्यात चार माणसं आणि सामान घेऊन कात्रजचा जुना घाट चढायला लागलं की काटा सरकतो आणि माझा जीव वरखाली होतो. नाना पेठेत दोन्ही आकड्यांचे थर्मोस्टॅट मिळतात, किमतीतही फारसा फरक नाही. झडप सहा अंश आधी उघडली तर घाटाच्या पायथ्याशी पाणी सहा अंशांनी थंड असणार. साधा हिशेब आहे.

स्पॅनर१३
साहेब, थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. वर ८८ कोरलंय म्हणजे तिथे आतलं मेण वितळून झडप उघडायला लागते. पूर्ण उघडेपर्यंत आणखी दहाबारा अंश जातात. घाटात काटा वर गेलाय, म्हणजे ती झडप केव्हाच सताड उघडी आहे. त्यापुढे ८२ काय नि ८८ काय, दोघांचंही काम संपलेलं.

उरतात रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि रेडिएटरचं झाकण. रेडिएटरचं रॉडिंग, म्हणजे नळ्या सळईने साफ करणं, शेवटचं कधी केलंत? इतकी वर्षं बोअरचं पाणी भरत आला असाल तर नळ्या क्षारांनी भरलेल्या असणार. आणि झाकणाकडे तर कोणी बघतच नाही. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे उघडं पाणी ९८ लाच उकळतं. ०.९ बारचं झाकण दाब नीट धरत असेल तर तेच पाणी ११८ च्या आसपास तग धरतं. झाकणाचं रबर कडक झालं की हे वीस अंश गेले, आणि तुम्ही इथे सहा अंशांसाठी भांडताय.

खडकीकर
आमच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढूनच टाकलाय. गाडी झकास. चर्चा संपली.

सरळचाल
@खडकीकर, संपली कशी? डिसेंबरच्या सकाळी चोक ओढून किती वेळ बसता ते सांगा. इंजिन ६०-६५ च्या वर जातच नसेल तर पेट्रोल नीट वाफ न होता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ज्वलनातून तयार होणारं पाणीही ऑइलमध्येच राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, पांढरट मलई दिसली तर समजा. कोथरूड ते डेक्कन एवढंच रोजचं जाणंयेणं असलेल्या गाडीला हे जास्तच बाधतं.

शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटरला वगळून जाणारी वाट बंद करतो. तिथे तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला टाळून आतल्या आत फिरत राहतं, आणि गाडी उलट जास्त तापते.

कात्रजकर
मी काढायचं म्हटलेलंच नाही, ८२ म्हटलंय. ८२ ला ऑइलची मलई होत नाही. @स्पॅनर१३, झडप सताड उघडी हे मान्य. पण सुरुवात खालून झाली ना? चढ काही अर्धा दिवस चालत नाही. सहा अंश खालून निघालो तर धोक्याच्या खुणेपर्यंत पोचण्याआधी बोगदा येतो.

स्पॅनर१३
तेही मोजू. चार लिटर पाणी सहा अंशांनी तापायला साधारण १०० किलोज्यूल लागतात. रेडिएटर कमी पडून पाच किलोवॅट उष्णता शिल्लक राहते असं धरू. तुमची कमाई वीस सेकंद. ब्लॉक आणि हेडचा धातू धरून मिनिटभर म्हणा. एक मिनिट घ्या, माझं काही जात नाही.

पद्मिनीप्रेमी
घाट राहू द्या, लक्ष्मी रस्त्याचं बोला. गर्दीत गाडी उभी असते, जाळीतून वारा नाही. ज्या गाड्यांना इलेक्ट्रिक पंखा आहे, तिथे पंख्याचा स्विच ९०-९५ च्या पुढे लागत असेल तर पाणी तिथपर्यंत चढणारच, मग थर्मोस्टॅट ७१ चा का असेना. बदलायचंच असेल तर स्विच बघा, रिले बघा. आमच्या पद्मिनीला आणि अँबॅसडरला पट्ट्यावरचा पंखा, तिथे पट्टा ढिला आहे का एवढंच.

हा ७१ चा आकडा आला कुठून, तेही सांगतो. पूर्वी अमेरिकेत अँटिफ्रीज म्हणून, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून, अल्कोहोल घालत. ते लवकर उडून जायचं, म्हणून १६० फॅरनहाइटचा, म्हणजे ७१ चा थर्मोस्टॅट. ग्लायकोल आल्यावर ते कारण उरलं नाही, सल्ला मात्र अजून फिरतोय.

कात्रजकर
खटखटीचं काय? चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिन नॉक करतं, हेड थंड असेल तर कमी करतं. हे तरी खरं ना?

सरळचाल
हे खरं आहे, आणि तुमच्या सगळ्या मुद्द्यांत दम असलेला हाच एक. फक्त आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचं ऑक्टेन, म्हणजे खटखट रोखायची ताकद, ९५ च्या आसपास; आधीचं साधं पेट्रोल ९१ चं होतं. नॉकिंग तिथेच बरंचसं मिटायला हवं. (आणि चढावर चौथा कशाला हो? तिसरा टाका.)

पद्मिनीप्रेमी
ई२० चं कौतुक जपून करा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि कार्ब्युरेटरला सेन्सर नसतो. जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तेच, म्हणजे मिश्रण लीन होतं, हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, पिकअप पडतो. जेट बघून घेतल्याशिवाय दोष थर्मोस्टॅटच्या माथी मारू नका. इंजेक्शनच्या गाडीवाल्यांनी तर ८२ च्या खाली जाऊच नये. इंजिन अजून थंड आहे असं समजून कॉम्प्युटर जादा पेट्रोल ओतत राहतो आणि पीयूसीला धावपळ होते.

कात्रजकर
८२ चा आणलाय, तो बसणारच. मात्र झाकण आणि रॉडिंग त्याच्या आधी करतो, नाहीतर स्पॅनरसाहेब झोपू देणार नाहीत.

स्पॅनर१३
बसवायच्या आधी पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर लावा, किती अंशांना उघडतो ते बघा. नवा म्हणून विश्वास ठेवू नका. कडेला बारीक पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते. पॅकिंग नवीन घ्या. आणि जुना ८८ चा फेकू नका, डिसेंबरमध्ये मागाल.