उमेदवारामागं पैसा कुणाचा, कसं तपासायचं?

परभणीकर: सोयाबीन हमीभावाखाली विकावं लागतं आणि प्रचाराच्या गाड्या मात्र थांबत नाहीत. गावात चिडून म्हणतात, सगळे धनदांडग्यांचेच. पुराव्यानिशी बोलायचं तर कुठं बघावं?

मांजराकाठ: फॉर्म २६ पासून सुरू करा, दादा. हे उमेदवाराचं शपथपत्र, निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतं: ५ वर्षांचं आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न, कर्ज, शेअर, जोडीदाराची मालमत्ता. लोक एकूण आकडा बघून थांबतात. सरकारी कंत्राटांचा रकाना जरूर वाचा, मेख तिथं सापडते.

बीडचा वाचक: खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं येतो, नक्कल मागता येते. विधानसभेला मर्यादा ४० लाख रुपये. पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, त्यामुळं उमेदवाराचा कागद स्वच्छ दिसतो. हा घोर अन्याय आहे.

मांजराकाठ: बरोबर. पक्षाच्या देणगी अहवालात २० हजारांवरचीच नावं असतात. निवडणूक रोखे, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षाला देणगी द्यायचे बँकेचे कागद, सुप्रीम कोर्टानं १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले. रोखे घेणारे देणगीदार आणि ते वटवणारे पक्ष, दोन्ही याद्या आयोगाच्या साइटवर आहेत. रोख्याच्या क्रमांकानं जुळवा, नुसत्या रकमेनं जुळवलं तर चुकतं. कंपनी अनोळखी असेल तर तिचे संचालक शोधा.