प्रतिसाद: तक्रार 'बंद' झाली म्हणजे सुटली नव्हे

ज्या पोस्टला हा प्रतिसाद आहे, तिच्यात म्हटलंय की तक्रार करूनही नगरपालिकेने महिनाभरात काम केलं नाही तर सेवा हक्क कायद्याखाली अपील करा, अधिकाऱ्याला दंड होतो. अर्धंच बरोबर आहे. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम फक्त अधिसूचित, म्हणजे सरकारने यादी काढून जाहीर केलेल्या, सेवांना लागू होतो. जन्मदाखला, नळजोडणी वगैरे. तिथे मुदत टळली की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दंड ५०० ते ५००० रुपये. तुंबलेलं गटार ही 'तक्रार' आहे, 'सेवा' नाही, त्यामुळे तिचं अपील तिथेच अडकतं.

आमच्या गल्लीतल्या गटाराची तक्रार ॲपवर टाकली, चौथ्या दिवशी 'निवारण झाले' असा मेसेज. गटार होतं तसंच, वास तर चढलेला! पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच. शेवटी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज दिला. 'का केलं नाही' असं विचारलं नाही (अशा प्रश्नाला 'माहिती उपलब्ध नाही' हे ठरलेलं उत्तर). त्या तक्रार क्रमांकावरचा कार्यवाही अहवाल, स्थळपाहणीचा फोटो आणि तक्रार बंद करणाऱ्याचं पदनाम, एवढ्याच्या प्रती मागितल्या. उत्तर यायच्या आधी माणसं आली, गाळ काढून गेली. अहवाल मात्र आजतागायत मिळालेला नाही. वार्षिक आढाव्यात माझ्या दोन्ही तक्रारी 'निकाली' या रकान्यातच बसल्या असणार.