मदत हवी आहे: महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडच्या न आलेल्या अल्बमची माझी प्रत कापलेली आहे का?

जाणकारांनो, एक कोडं सोडवा. मित्राने जुन्या हार्डडिस्कवरून सहा फाइली दिल्या. फोल्डरचं नाव 'महाविष्णू 73, न आलेला', आत नुसतं ट्रॅक 1 ते 6. मॅकलॉफ्लिनची गिटार आणि कोबमचे ड्रम्स लपत नाहीत, त्यामुळे बँडबद्दल शंका नाही. घोळ लांबीचा आहे.

माझ्याकडे 'बिटवीन नथिंगनेस अँड इटर्निटी' ही ऑगस्ट 1973 ची सेंट्रल पार्कमधली लाइव्ह रेकॉर्ड आहे. तिची अख्खी दुसरी बाजू म्हणजे 'ड्रीम', 21 मिनिटांच्या वर. माझ्या फाइलीत तेच 11 मिनिटांत आटोपतं. 'सिस्टर अँड्रिया'ही दीडेक मिनिट कमी. कुणी कात्री चालवलीय का? ऐकताना सांधा तर कुठे जाणवत नाही.

शिवाय शेवटच्या तीन तुकड्यांपैकी एक मी आधी ऐकलाय, आणि तो महाविष्णूच्या नावावर नव्हता हे पक्कं आठवतंय. मग हे फोल्डर म्हणजे खिचडी आहे का?

प्रतिसाद:
कात्री नाही, खिचडीही नाही. जून 1973 मध्ये लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत बँडने तिसरा स्टुडिओ अल्बम ध्वनिमुद्रित केला, तोच हा. स्टुडिओतलं 'ड्रीम' मुळातच 11 मिनिटांचं आहे; मंचावर सोलो फुगत गेले. मला आटोपशीर रूपच जास्त आवडतं, पण यावर इथे मारामारी होईल.

तोवर बँडमधल्या पाचजणांत बिनसलं होतं. आधीच्या दोन्ही स्टुडिओ अल्बमवर सगळ्या रचना मॅकलॉफ्लिनच्या. इथे मात्र यान हॅमर (कीबोर्ड), जेरी गुडमन (व्हायोलिन), रिक लेअर्ड (बेस) यांच्याही आहेत. अल्बम बाजूला पडला, त्याऐवजी ती लाइव्ह रेकॉर्ड आली आणि वर्षअखेर बँड फुटला. पुढे निर्माते बॉब बेल्डन यांना रेकॉर्ड कंपनीच्या साठ्यात टेप सापडल्या आणि 1999 मध्ये 'द लॉस्ट ट्रायडेंट सेशन्स' नावाने सीडी निघाली. म्हणजे 'न आलेला' हे लेबल आता खोडा.

प्रतिसाद:
ओळखीचा तुकडा हॅमर-गुडमन जोडीच्या 1974 च्या 'लाइक चिल्ड्रन'वर ऐकला असणार. गुडमनचं 'आय वंडर' आणि लेअर्डचं 'स्टेपिंग्ज टोन्स' त्यांनी तिथे पुन्हा वाजवलं. सगळी वाद्यं दोघांनीच सांभाळलीत, म्हणून बाज वेगळा लागतो.
सीडीवरचा क्रम असा: ड्रीम, ट्रिलॉजी, सिस्टर अँड्रिया, आय वंडर, स्टेपिंग्ज टोन्स, जॉन्स साँग नंबर 2. तुमच्या फाइली याच क्रमाने आहेत का?

धागाकर्ता:
हो, अगदी याच क्रमाने! आणि तो तुकडा पाचवा, 'स्टेपिंग्ज टोन्स'. 'लाइक चिल्ड्रन' कॉलेजात एका मित्राकडे कॅसेटवर ऐकली होती, आत्ता डोक्यात प्रकाश पडला. फाइलींना नावं देऊन टाकली. आता मूळ सीडीच शोधतो, या फाइलींत झांजा फार चिरकतात.