नाताळच्या कार्यक्रमात रॅप चालेल का? रॅपची कॅरिबियन पाळेमुळे आणि ख्रिस्ती श्रद्धा यांविषयी प्रश्न

तरुण संघ, नवापूर

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या तरुण संघाने यंदाच्या नाताळच्या कार्यक्रमासाठी आमची आदिवासी बोली मावची आणि मराठी अशा दोन्ही भाषांत एक रॅप बसवायला घेतला आहे. विषय रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांचा आहे. पाळकसाहेबांची हरकत नाही. मात्र वडीलमंडळातील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांतील, काहींचे म्हणणे असे की, हे संगीत दारू, पैसा आणि शिवीगाळ यांतून वर आलेले असल्यामुळे त्याला उपासनेच्या जागी थारा देऊ नये. या संगीताची मुळे कॅरिबियन बेटांत आहेत आणि तिथल्या मातीतले काही कलाकार उघडपणे ख्रिस्ताची साक्ष देतात, असे माझ्या वाचनात आले आहे. हे कितपत खरे आहे? आणि खरे असेल, तर त्यांची श्रद्धा त्या संगीतात मुरलेली आहे, की तयार ठेक्यावर वरून येशूचे नाव चिकटवले आहे? वडीलमंडळींशी वाद घालायचा नाही. त्यांच्यासमोर बोलताना हाताशी पक्की माहिती असावी, एवढीच इच्छा आहे.

जंक्शन, भुसावळ

मुळांबद्दलचे म्हणणे खरे आहे. रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप-हॉपचा आरंभ ज्या कार्यक्रमापासून मानतात, तो ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत झाला, आणि तिथे तबकड्या वाजवणारा डीजे कूल हर्क हा जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला, १९६७ मध्ये अमेरिकेत आलेला मुलगा होता. किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये भलेमोठे स्पीकर रस्त्यावर मांडून नाचगाणी करण्याची रीत होती आणि तबकडीच्या ज्या बाजूला गायकाचा आवाज नसे, तिच्यावर माइक घेऊन बोलत, यमके जुळवत लोकांना चेतवणारा माणूस हा त्या रात्रींचा खरा नायक असे. हर्कने ब्राँक्समध्ये तीच सवय वापरली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून त्यातला फक्त ढोलताशाचा तुकडा तो पुन:पुन्हा फिरवत राही, आणि त्या लांबवलेल्या तुकड्यावर पुढे शब्द आले.

मात्र त्या रात्रीत धर्माचा काही संबंध नव्हता, हे वडीलमंडळींना मोकळेपणाने सांगा. बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तो कार्यक्रम ठेवला होता. शिवीगाळ आणि पैशाची मिजास हा त्या संगीताचा उगम नव्हे, ती पुढे त्यात शिरली. ख्रिस्ती रॅपच्या तबकड्या १९८० च्या दशकात निघू लागल्या. आज ज्याचे नाव सर्वांत आधी निघते तो लेक्रे अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा. कॅरिबियन कलाकार म्हणून त्याचा दाखला देऊ नका, नाहीतर कोणीतरी तिथेच पकडेल. त्याच्या ‘ग्रॅव्हिटी’ या संग्रहाला २०१३ मध्ये सर्वोत्तम गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिसंगीत) संग्रहाचे ग्रॅमी हे संगीताचे पारितोषिक मिळाले. त्याच्या सोबत्यांचा गट स्वतःला ‘११६’ म्हणवतो, कारण रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातले सोळावे वचन, मला सुवार्तेची लाज वाटत नाही, हे त्यांचे ब्रीद आहे.

पांझराकाठ, धुळे

मी स्वतः एका मंडळीच्या वडीलमंडळात आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. आम्हा लोकांचा राग ठेक्यावर असतो असे तरुणांना वाटते. तो बहुधा गाणाऱ्याच्या एरवीच्या वागण्यावर असतो. शनिवारी रात्री लग्नाच्या वरातीत ज्याला पाहिले, तोच रविवारी माइक घेऊन पश्चात्तापावर बोलू लागला, की ऐकणाऱ्याच्या मनात चलबिचल होणारच.

या दृष्टीने पोर्तो रिकोच्या व्हिको सी याचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. जन्म ब्रुकलिनचा, वाढ सान हुआनमधल्या पुएर्ता दे तिएर्रा या कष्टकऱ्यांच्या वस्तीतली. स्पॅनिश भाषेतल्या रॅपचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना होते. कीर्ती मिळाली, मागोमाग व्यसन आले, त्यातून तो ख्रिस्ताकडे वळला आणि त्यानंतरही त्याचा पाय पुन्हा घसरला. हे सगळे त्याने लपवले नाही, ते त्याच्या गाण्यांचाच भाग झाले. मला त्याची भाषा कळत नाही, भाषांतर वाचूनच समजून घेतले आहे. पण विजयाचीच गाणी गाणाऱ्यापेक्षा असा माणूस मला अधिक विश्वासार्ह वाटतो. जमैकाचे पापा सॅन आणि लेफ्टनंट स्टिची हे दोघेही डान्सहॉल या जमैकन नाचगाण्याच्या मैफलींत नाव कमावून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विश्वासात आले. पापा सॅनची ख्याती विजेच्या वेगाने शब्द फेकण्याबद्दल होती. बाप्तिस्म्यानंतर त्याने तो वेग टाकून दिला नाही. त्याच जिभेने तो स्तुती करू लागला.

तेव्हा तुमच्या मुलांपैकी शब्द कोणी लिहिले, आणि ते त्याच्या आयुष्याला धरून आहेत का, हे मला आधी कळायला हवे. मेंढपाळांवर लिहिताय ना? मग तुमच्या गावात रात्री रानात मुक्काम करणारा ठेलारी मेंढपाळ भेटतो का, त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलले आहे का?

शिक्षिका, नंदुरबार

पांझराकाठ दादांचा मुद्दा मान्य आहे. परंतु ‘आमचा राग ठेक्यावर नसतो’ हे विधान इतिहासाला धरून नाही. माझी आजी सांगत असे की, तिच्या लहानपणी ढोल आणि पावरी (फुंकून वाजवायचे आदिवासी वाद्य) या ‘जुन्या देवांच्या’ वस्तू मानून उपासनेपासून दूर ठेवल्या जात आणि पेटीवर परदेशी चालींची गीते म्हटली जात. आज त्याच ढोलाशिवाय आमच्याकडची नाताळची मिरवणूक निघत नाही, आणि जुन्या देवांकडे परत गेलेले कोणी माझ्या पाहण्यात नाही.

कॅरिबियन बेटांत तर ही बंदी कायद्यानेच होती. त्रिनिदादमध्ये १९१७ साली ब्रिटिश सरकारने ‘शाउटर’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या सभांवर बंदी घातली, कारण ते लोक घंटा वाजवत, टाळ्या पिटत, अंगात संचारल्याप्रमाणे डोलत, मोठ्याने प्रार्थना करत. हा कायदा ३० मार्च १९५१ रोजी रद्द झाला आणि आता तो दिवस तिथे सार्वजनिक सुट्टीचा आहे. त्याआधीच्या शतकात तिथल्या कार्निव्हलच्या ढोलांवर निर्बंध आले, तेव्हा लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. जमैकात गुलामगिरीविरुद्ध १८३१ च्या नाताळात जो उठाव झाला, त्याचा नेता सॅम शार्प हा बाप्टिस्ट मंडळीचा डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, होता. त्याला १८३२ मध्ये फाशी दिली गेली. अशा ठिकाणी वाढलेला कलाकार ठेका आणि प्रार्थना एकत्र आणतो, तेव्हा तो नवे काही चिकटवत नाही. राज्यकर्त्यांनी जे तोडू पाहिले ते तो पुन्हा जोडतो, असे माझे मत आहे.

आणखी एक नाव सांगते, जरी तो रॅपर नव्हे. त्रिनिदादचा रास शॉर्टी हा आपल्याकडून ऊसमळ्यांवर करारावर गेलेल्या मजुरांच्या, गिरमिटियांच्या, वंशजांच्या शेजारात वाढला. १९७० च्या दशकात त्याने कॅलिप्सो या तिथल्या लोकसंगीतात ढोलक आणि धनताल आणला. धनताल म्हणजे लांब लोखंडी सळी, तिच्यावर नालाच्या आकाराच्या तुकड्याने ठोका देतात. त्यातून सोका हा प्रकार घडला. यश शिगेला असताना त्याने ऐषाराम सोडला, कुटुंबाला घेऊन पिपारोच्या रानात राहायला गेला आणि पुढे मुलाबाळांसह देवाची गाणी गात राहिला. त्या भक्तिगीतांतही ताल तोच होता.

नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची स्तुती ओवी-अभंगात लिहिली, तेव्हा छंद बदलण्याची गरज त्यांना भासली नाही, हेही वडीलमंडळींच्या कानावर घाला.

तरुण संघ, नवापूर

सर्वांचे मनापासून आभार. दादा, शब्द आमच्यातल्या ज्या मुलाने लिहिले आहेत त्याचे वडील दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि त्याने मेंढपाळांच्या जागी कोप्यांमध्ये, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांमध्ये, शेकोटीभोवती बसलेली माणसे घेतली आहेत. अडचण वेगळीच आहे: मराठी ओळ म्हणताना ती ठेक्याच्या पुढे पळते. मावचीत तसे होत नाही.

साउंडवाला, चोपडा

ओळीत अक्षरे जास्त कोंबल्यामुळे हे होते. मराठीत प्रत्यय आणि ‘बरोबर’सारखी अव्यये शब्दाला जोडून शब्द लांबतो. ‘मेंढपाळांच्याबरोबर’ हा एकच शब्द अर्धे आवर्तन खातो. एका आवर्तनात सोळा बारीक खाने धरा, त्यांतले बारा-तेराच भरा, उरलेले श्वासाला मोकळे सोडा.

कॅरिबियन ठेका हवा असेल, तर आठ मात्रा मोजून पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर टाळी द्या: तीन, तीन, दोन. डान्सहॉलमधून पोर्तो रिकोच्या रेगेटॉन या नाचाच्या संगीतापर्यंत हाच सांगाडा ऐकू येतो. तो मशीनवर न वाजवता तुमच्या ढोलवाल्याकडून वाजवून घ्या. ऊसतोडीच्या त्या शब्दांना तोच शोभेल. मात्र ढोल माइकपासून हातभर लांब ठेवा आणि बेस कमी करा, कारण चर्चच्या पत्र्याखाली बेस घुमतो आणि शब्द बुडतात. तालमीला वडीलमंडळींना बोलवा, पण आधी कागदावरचे शब्द त्यांच्या हातात द्या.

पांझराकाठ, धुळे

कोप्यांची कल्पना चांगली आहे. शब्द इथे टाकले तर मी आमच्या मंडळीतही वाचून दाखवीन.